कंबाताहून परांड्याला

सन १६०० च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. चांदबीबी मारली गेली होती आणि बालसुलतान बहादूर निजामशाह कैदी होऊन ग्वाल्हेरच्या वाटेला लागला होता. निजामशाही संपली, असं अकबराच्या सरदारांनी धरून चालायला हरकत नव्हती. पण त्याच वर्षी बार्शीपलीकडच्या परांड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातला, विजापूरच्या आश्रयाला वाढलेला वीसेक वर्षांचा एक तरुण गादीवर बसवला गेला. मुर्तजा निजामशाह दुसरा, असं त्याला म्हणायचं ठरलं. ज्याने त्याला शोधून आणलं, गादीवर बसवलं आणि लगोलग आपली मुलगीही त्याला दिली, तो माणूस दख्खनचा नव्हता, इराणचा नव्हता, तुर्कही नव्हता. तो जन्मला होता हजारो मैल दूर, आफ्रिकेच्या पूर्व टोकाला, इथियोपियाच्या डोंगरात. नाव मलिक अंबर.

मलिक अंबर मराठी वाचकाला ठाऊक आहे. खडकी वसवणारा, जमिनीचा धारा लावणारा, शहाजीराजांचा समकालीन. पण तो एकटा आलेला नव्हता, हे सांगताना आपली पुस्तकं घाई करतात. सोळाव्या आणि सतराव्या शतकात परांडा, सोलापूर, नळदुर्ग, विजापूर या पट्ट्यात पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं हजारोंनी होती. कोणी पागेत, कोणी किल्ल्याच्या बुरुजावर, कोणी थेट सुलतानाच्या गादीशेजारी. त्या सगळ्यांना दख्खनने एकच नाव दिलं, हबशी. त्यांच्या मूळ देशात मात्र ती एका जमातीची नव्हती, एका धर्माची नव्हती आणि एका भाषेची तर मुळीच नव्हती.

सोलापुरातून या गोष्टीकडे पाहिलं की एक प्रश्न टोचतो. हे शहर भाषा मरू देत नाही. गावदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, पूर्व भागात आजही घराघरात तेलुगू चालते, विजापूर वेशीत दख्खनी उर्दू कानावर पडते आणि बाजारात मराठी. मग इतक्या मोठ्या संख्येने आलेल्या इथियोपियनांची एकही भाषा इथे का टिकली नाही?

आधी किल्ल्याबद्दल. सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला. बहमनी राज्य फुटल्यावर तो नेमका विजापूर आणि अहमदनगर यांच्या सांध्यात अडकला. १५२४ मध्ये सोलापूरलाच दोन्ही सुलतानांची भेट झाली. इस्माईल आदिलशाहाने आपली बहीण मरियम ही बुऱ्हाण निजामशाहाला दिली आणि सोलापूर व त्याच्या आसपासचे साडेपाच परगणे आंदण म्हणून द्यायचे कबूल केलं. वरात गेली, आंदण गेलं नाही. मग दोन्ही घराणी या किल्ल्यासाठी चाळीस वर्षं भांडत राहिली. १५६४ च्या सुमारास उलट दिशेने लग्न झालं, निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहाच्या घरी गेली, आणि आंदणात पुन्हा सोलापूरच. एक किल्ला दोन वेळा हुंड्यात दिला जावा आणि तरीही मिटू नये, असा प्रकार दख्खनच्या इतिहासात दुसरा सापडणं कठीण.

अशा सीमेवर लढायला माणसं लागत. घोड्यावर बसणारी, पगारावर जगणारी, आणि मुख्य म्हणजे गावात वतन नसलेली. देशमुख-पाटील घराण्यातला मराठा शिलेदार कितीही चांगला लढवय्या असला तरी त्याचा पाय आपल्या गावात रुतलेला असे आणि हंगाम पाहून त्याची निष्ठा हलू शके. सुलतानांना हवी होती ती कुठेच मूळ नसलेली माणसं, आणि ती समुद्रापलीकडे विकत मिळत होती.

समुद्रापलीकडे काय चाललं होतं?

आजच्या इथियोपियात ऐंशीहून अधिक जमाती मोजल्या जातात. २००७ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासात कोटींच्या पुढे होती, आता ती बारा कोटींच्या वर असल्याचा अंदाज आहे. ओरोमो साधारण एक तृतीयांश, अम्हारा सुमारे २७ टक्के, सोमाली आणि तिग्रे प्रत्येकी सहाच्या आसपास, सिदामा चार. बाकीच्या डझनावारी जमाती कुणी लाखांत, कुणी काही हजारांत. भाषांचे गटही चार. उत्तरेच्या पठारावरची अम्हारी आणि तिग्रिन्या या अरबी-हिब्रूच्या नात्यातल्या, म्हणजे सेमिटिक. ओरोमो, सोमाली, अफार, सिदामा, कंबाता या कुशिटिक. नैऋत्येला ओमोटिक भाषा. आणि सुदानच्या सीमेकडे नायलो-सहारन. शेजारच्या दोन खोऱ्यांतल्या माणसांना एकमेकांचं बोलणं कळू नये, अशी स्थिती तिथे आजही ठिकठिकाणी आहे.

अम्हारीची लिपी मराठी माणसाला चटकन ओळखीची वाटेल. गीझ नावाच्या जुन्या धर्मभाषेतून ती आली. मूळ अक्षरं ३३ आणि प्रत्येकाला स्वराप्रमाणे सात रूपं, म्हणजे आपल्या बाराखडीसारखीच तिथे एक सातखडी. पण ही लिपी वाचणारा पठारावरचा ख्रिस्ती माणूस सहसा गुलामांच्या बाजारात नव्हता. बाजारात होता तो दक्षिणेकडचा, ज्याच्या भाषेला तेव्हा लिपीच नव्हती.

त्याला कारण होतं. १५२९ पासून १५४३ पर्यंत अहमद इब्न इब्राहीम, ज्याला इथियोपियन ‘ग्राञ’ म्हणजे डावखुरा म्हणत, याने हरारच्या बाजूने निघून ख्रिस्ती राज्य जवळजवळ उलथून टाकलं. पोर्तुगीज मदतीला आले, अहमद लढाईत पडला, आणि दोन्ही बाजू थकून बसल्या तेव्हा दक्षिणेकडून ओरोमो टोळ्या पठारावर सरकू लागल्या. हरारच्या अमीर नूरने शहराभोवती तट उभारला तो याच धास्तीने. तो तट आजही उभा आहे आणि २००६ पासून जागतिक वारशात मोजला जातो. आतल्या गल्ल्यांत हरारी ही वेगळीच सेमिटिक भाषा बोलली जाते, पिढ्यानपिढ्या तटाच्या आतच राहिलेली. या धुमाळीत माणसं पकडली जात. ख्रिस्ती कायदा ख्रिस्त्याला विकू नका म्हणे, मुसलमानी कायदा मुसलमानाला गुलाम करू नका म्हणे. दोन्ही कायदे पाळले गेले म्हणजे कुणाच्या नशिबी साखळदंड येत? जे ख्रिस्तीही नव्हते आणि मुसलमानही, अशा दक्षिण-पश्चिमेच्या छोट्या जमातींच्या. कंबाता ही त्यातली एक.

कंबाता लोक आज सहा लाखांहून अधिक आहेत आणि दक्षिण-मध्य इथियोपियाच्या डोंगरात राहतात. दाट वस्ती, केळीसारख्या दिसणाऱ्या ‘एनसेट’च्या बागा, त्याच्या खोडातून काढलेल्या पिठाची भाकर. १५४८ च्या सुमारास याच भागात एक मुलगा जन्मला आणि त्याचं नाव चापू होतं, असं इतिहासकार रिचर्ड ईटन यांचं मत. काहीजण त्याला हरारशी जोडतात. आईबापांनी विकला की धाडीत पकडला गेला, काहीही असो, तो तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात विकला गेला, तिथून बगदादला पोचला. मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, लिहा-वाचायला शिकवलं आणि नवं नाव ठेवलं, अंबर. अशा मुलांना मिळणारी नावं बहुतेक सुगंधांची नाही तर रत्नांची असत: अंबर, काफूर, रैहान, याकूत, जौहर. मोठ्या मौजेची नावं, पण त्यातून जमात, गाव, बाप काहीच उरत नसे.

१५७० च्या दशकात मीर कासिमने अंबरला दख्खनमध्ये आणून चंगेजखानाला विकलं. हा चंगेजखान म्हणजे मुर्तजा पहिल्याचा पेशवा, निजामशाहीचा मुख्य कारभारी, आणि स्वतःही एके काळचा हबशी गुलाम. विकत घेणारा आणि विकला जाणारा एकाच मुलखातले, एकाच बाजारातून गेलेले. इथियोपियातून बाहेर पडायची ती माणसं, सोनं आणि हस्तिदंत, आत जायचं ते हिंदुस्थानी कापड. पठारावरच्या उमरावांच्या अंगावर भारतातलं सुती आणि रेशमी वस्त्र असे. सोलापूरच्या कापडगिरण्यांची गोष्ट नंतरची, पहिली गिरणी १८७७ ची. पण भारतीय कापड आणि आफ्रिकन माणूस यांचा हा सौदा तिच्यापेक्षा तीनशे वर्षं जुना आहे.

मालकाच्या मृत्यूनंतर गुलाम बहुधा मोकळा होई. चंगेजखान १५७५ च्या सुमारास मेला, त्याच्या विधवेने अंबरला सोडलं, करीमा नावाच्या बाईशी त्याचं लग्न झालं आणि तो दरबारांत नोकरी शोधत भाड्याच्या स्वारांचा नाईक झाला. गुलामीची ही दख्खनी तऱ्हा अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांसारखी नव्हती. इथे गुलाम म्हणजे घराण्याचा हत्यारबंद माणूस, आणि एका पिढीत तो सरदार होऊ शके. म्हणून ती सुखाची होती असं मात्र कुणी समजू नये. दहा-बारा वर्षांच्या पोराला समुद्र ओलांडून विकण्यात सुख नसतं.

विजापुरात हबशी थेट राज्य करू लागले. १५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा इब्राहीम आला. कारभारी किश्वरखानाने अलीची विधवा चांदबीबी हिला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. तिला सोडवून आणणारे होते हबशी सरदार, इखलासखान त्यात पुढे. मग इखलासखान कारभारी झाला. दोन वर्षांत दिलावरखान, हाही हबशीच, त्याच्यावर उलटला, त्याचे डोळे काढले आणि आठ वर्षं विजापूर चालवलं. १५९० मध्ये इब्राहीम वयात आला आणि दिलावरला पळून जावं लागलं, तेव्हा तो गेला अहमदनगरला. तिथल्या बुऱ्हाण निजामशाहाला घेऊन तो १५९२ मध्ये आपल्याच जुन्या राज्यावर भीमेपर्यंत चालून आला. पुढे अभय देऊन परत बोलावला आणि त्याचेही डोळे गेले. हबशी एकमेकांना धरून असत, ही समजूत या प्रसंगाशी जुळत नाही. ते एका पक्षाचे होते, एका रक्ताचे नव्हते.

तो पक्ष कोणता? दख्खनच्या दरबारात दोन गट होते. एक ‘आफाकी’, म्हणजे इराण, अरबस्तान, मध्य आशियातून नोकरीसाठी आलेले, बहुतेक शिया, फारसीत मुरलेले. दुसरे ‘दख्खनी’, इथल्या मातीतले मुसलमान, बहुतेक सुन्नी. हबशी तर आफाक्यांपेक्षाही दुरून आलेले, तरी ते उभे राहिले दख्खन्यांच्या बाजूला. कारण सरळ आहे. इराण्याला पैसा जमला की मशहद किंवा शिराजला परत जाता येई, मागून भाऊ-पुतणे बोलावता येत. हबशाला परतीची वाटच नव्हती. त्याचं लग्न इथे, मुलं इथे, थडगंही इथेच. आणि गंमत अशी की या हबश्यांची हकीकत आपल्याला ज्याच्या लेखणीतून कळते तो फरिश्ता कास्पियनकाठच्या अस्तराबादचा, म्हणजे पक्का आफाकी. अहमदनगरला परदेशी लोकांची कत्तल झाली तेव्हा तो निसटून १५८९ मध्ये विजापूरला आला, आणि त्याला दरबारात दाखल करून घेणारा होता दिलावरखान हबशी. तेव्हा हबश्यांच्या क्रौर्याची वर्णनं त्याच्या ग्रंथात वाचताना तो कोणत्या गटाचा होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

परांड्याकडे परत येऊ. १६०० मध्ये अंबर पन्नाशीचा. हाताशी काही हजार स्वार आणि एक तरुण सुलतान. मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, तोच दोहे रचणारा रहीम, याच्याशी तो लढला, जखमी झाला, तह केला, पुन्हा उठला. राजधानी परांड्याहून जुन्नरला, तिथून दौलताबादकडे नेली. १६१० मध्ये अहमदनगर परत मिळवलं, त्याच सुमाराला खडकी वसवली. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच त्या सालात लिहितो की अंबरच्या फौजेत त्याच्या स्वतःच्या जातीचे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार. फिंच हा काही मोजणी अधिकारी नव्हता आणि आकडे ऐकीव आहेत. पण एका पाहुण्याच्या डोळ्यात भरावी इतकी आफ्रिकन माणसं त्या छावणीत होती, एवढं त्यातून नक्की होतं. उरलेल्या चाळीस हजारांत मराठे कितीतरी: भोसले, जाधव, निंबाळकर. मराठी इतिहासात ज्याला गनिमी कावा म्हणतात, ती छोट्या तुकड्यांनी रसद तोडण्याची तऱ्हा इथेच घासून धारदार झाली.

याच काळातली दरबारातली एक गोष्ट डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक याने लिहून ठेवली. तो १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. मुर्तजाच्या जनान्यात अंबरची मुलगी होती, तशी एक इराणी राणीही. या राणीने एके दिवशी अंबरच्या मुलीला काळी दासी म्हणून हिणवलं, आणि तिचा बाप सुलतानाविरुद्ध बंड केलेला गुलाम, असंही ऐकवलं. मुलीने बापाला कळवलं. थोड्याच दिवसांत मुर्तजा आणि ती राणी दोघं विषाने मेली आणि गादीवर पाच वर्षांचं पोर आलं. राज्य करणारा, फौज बाळगणारा, शहरं वसवणारा माणूस साठीतसुद्धा एका शिवीत पुन्हा मोखाच्या बाजारात उभा केला जाऊ शकत होता. दख्खनमध्ये रंगाचा भेद नव्हताच, असं जे कधीकधी मोठ्या समाधानाने सांगितलं जातं, त्यावर ही गोष्ट पुरेशी आहे.

मोगलांचा तर तोल सुटे. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचं नाव शिवीशिवाय घेत नाही. १६१६ च्या सुमारास अबुल हसनने काढलेलं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. पृथ्वीचा गोल, तो बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. गोलावर उभा राहून जहांगीर बाण सोडतो आहे, आणि समोर भाल्यावर खोचलेलं अंबरचं काळं मुंडकं. भाल्याच्या टोकाशी घुबड. चित्रात चितारलेलं हे मुंडकं जहांगीरला प्रत्यक्षात कधीच मिळालं नाही. अंबर आणखी दहा वर्षं जगला आणि मरताना आपल्याच मुलखात होता.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूर एक झाले. अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने दोघांनाही गाठलं. लढाईत विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला, हा इराणच्या लारचा, म्हणजे आफाकी. निजामशाहीकडून शहाजीराजे लढले आणि त्यांचा भाऊ शरीफजी तिथेच कामी आला. मग अंबर विजापूरवर चालून गेला, शहराबाहेरचं नौरसपूर उद्ध्वस्त केलं आणि १६२५ मध्ये सोलापूरचा किल्ला घेतला. १५२४ च्या त्या फसलेल्या आंदणाला एकशे एक वर्षं झाली होती. निजामशाही घराण्याच्या सुनेला जे मिळालं नव्हतं ते निजामशाहीला मिळवून देणारा कंबाताचा गुलाम निघाला. पुढच्याच वर्षी, मे १६२६ मध्ये, तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे, करीमेची कबर जवळच.

परांड्याची शान होती ती तिथली तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या तुर्काने ओतलेली, सुमारे ५५ टनांची. तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. तुर्काने घडवली, परांड्यावर हबशी सरदारांच्या काळात उभी राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरच्या मुरार जगदेवाने, म्हणजे एका ब्राह्मण सरदाराने, ओढून विजापूरला नेली. आज ती मुलूख-ए-मैदान म्हणून तिथल्या बुरुजावर आहे. या एका तोफेच्या प्रवासात त्या काळच्या दख्खनची सगळी माणसं येऊन जातात.

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं. अंबरचा मुलगा फतेहखान मोगलांना शरण गेला. १६३६ च्या तहात निजामशाहीची वाटणी झाली, परांडा आणि सोलापूर विजापूरकडे गेले. १६६८ मध्ये सोलापूर मोगलांना दिलं गेलं आणि १६८५ मध्ये विजापूर घेण्यासाठी निघालेल्या औरंगजेबाची छावणी सोलापूरलाच पडली.

या पन्नास वर्षांत हबशी संपले नाहीत, पण पसरले. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हा हबशीच, कर्नूलचा. आणि तो वेढा उठवायला शिवाजीराजांकडून नेताजीबरोबर गेलेला सिद्दी हिलाल, तोही हबशीच. त्याचा मुलगा वाहवाह त्या झटापटीत जखमी होऊन पकडला गेला. पन्हाळ्याच्या पायथ्याशी इथियोपियन रक्त दोन्ही बाजूंनी सांडलं, पण भांडण इथियोपियाचं नव्हतं. १६७८ मध्ये विजापूरचा कारभार सिद्दी मसूदच्या हाती होता. जंजिऱ्याच्या सिद्द्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि ती १९४८ पर्यंत चालते.

आता सोलापूरचा तो प्रश्न. एकोणिसाव्या शतकात दुष्काळ आणि हातमागाची पडझड यांनी तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापूरला येऊ लागले. आले ते बायका-मुलांसह, मागासह, मार्कंडेय ऋषींसह. पूर्व भागात गल्लीच्या गल्ली आपल्याच लोकांची. लग्न आपल्यातच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, नवरात्रात बतुकम्मा होते, तेलुगू शाळा निघाल्या. चौथ्या-पाचव्या पिढीतलं पोर आज मराठीत वाद घालतं, आईशी तेलुगू बोलतं. भाषा टिकते ती अशी, स्वयंपाकघरात.

हबश्याला स्वयंपाकघरच नव्हतं. तो एकटा विकला गेला होता, दहा-पंधरा वर्षांचा मुलगा म्हणून. शेजारच्या पलंगावर निजणारा दुसरा गुलाम कदाचित ओरोमो, तिसरा सिदामा, चौथा गुरागे. त्यांच्यात एकमेकांशी बोलायला सोयीची भाषा अरबी किंवा फारसी, नंतर दख्खनी. बायको इथली, तिची भाषा मराठी, कन्नड किंवा दख्खनी. मुलगा बापाच्या तोंडून गाव ऐके, पण आईच्या तोंडून भाषा शिके. चापू नावाच्या मुलाला कंबाता भाषेतली एखादी शिवी किंवा गाणं साठीपर्यंत आठवत असेलही, पण ते ऐकायला समजणारा कुणी खडकीत नव्हता. हजारो माणसं एका पिढीत दख्खनी होऊन गेली, आणि त्यासाठी कुणाला जबरदस्तीही करावी लागली नाही. बाजाराने ते काम आधीच केलं होतं.

इथियोपियात मात्र त्या सगळ्या भाषा जिवंत आहेत आणि राजकारणात तर फारच. १९९५ च्या संविधानाने तिथले प्रांत बहुतेक जमातींच्या आधारावर आखले आणि प्रत्येक राष्ट्रसमूहाला फुटून निघण्याचाही हक्क कागदावर दिला. ओरोमोंनी १९९१ नंतर आपली भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली, अम्हारीची सातखडी सोडून. २०२० मध्ये अम्हारीसोबत ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार यांना संघराज्याच्या कामकाजाच्या भाषा करण्याची घोषणा झाली. सीमेवरच्या सोलापूरकराला यातलं फारसं अनोळखी वाटणार नाही. १९६७ च्या महाजन आयोगाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर कर्नाटकला द्या म्हटलं होतं, आणि तो अहवाल इथे अजून भांडणाचा विषय आहे. फरक एवढाच की आपल्याकडे भाषावार राज्यं झाली तरी फुटून निघायचं कलम कुणी घातलं नाही, आणि तिथे ते घातलं तरी २०२० मध्ये पेटलेलं तिग्रेमधलं युद्ध टळलं नाही.

भारतात आज आफ्रिकन मुळाची ओळख सांगणारे सिद्दी आहेत ते मुख्यतः गुजरातच्या गीर परिसरात आणि कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात. २०११ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांचा मोठा वारसा बांटू भाषिक आफ्रिकेकडचा असल्याचं दाखवलं, म्हणजे मोझांबिक आणि स्वाहिली किनाऱ्यामागचा मुलूख, इथियोपियाचं पठार नव्हे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले, तिथून जंगलात पळालेले, असे उत्तर कन्नडचे बरेच. तेव्हा अंबरच्या स्वारांचे वारस शोधायला यल्लापूरला जाण्यात अर्थ नाही. ते बहुधा औरंगाबाद, विजापूर, सोलापूर, हैदराबादच्या मुसलमान मोहल्ल्यांत आणि मराठवाड्याच्या गावांत मिसळून गेले आहेत, आपलं मूळ न सांगता. यल्लापूर-हल्याळच्या सिद्द्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. घरात कोकणी-मराठी मिसळीची बोली, मुसलमान सिद्द्यांत उर्दू, शाळेत कन्नड. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घातलं गेलं, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले, त्या सभागृहात पोचलेले त्यांच्या समाजातले पहिले.